बिनमानाचे मानकरी

महाराष्ट्रातील विवाहविधींविषयी जे लिहिले गेले आहे त्यात वधूविषयी पुष्कळ, वधूच्या आईविषयी त्याहून अधिक आणि विहिणींच्या परस्परसंबंधांविषयी तर युद्धशास्त्राला शोभेल अशा काटेकोरपणाने लिहिलेले आढळते. परंतु बोहल्यावर उभ्या असलेल्या वराच्या मागे, किंचित डावीकडे, एका हातात वराचा मोबाइल, दुसऱ्या हातात स्वतःचा मोबाइल आणि काखेत वराची मोजडी धरून जो पुरुष उभा असतो, त्याची दखल घ्यावी असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही. या उपेक्षेचे कारण उघड आहे. धर्मशास्त्राने आणि लोकाचाराने, म्हणजे ग्रंथांत न लिहिलेल्या पण घरातल्या आजीच्या तोंडून हुकमासारख्या सुटणाऱ्या रीतींनी, लग्नाला हजर असणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाला एक पद, एक काम आणि त्या कामाचा एक मान नेमून दिला आहे. वराच्या मित्राच्या वाट्याला यांपैकी काहीच आलेले नाही. असे असूनही लग्नाच्या दिवशी वराचा जीव सर्वाधिक कोणात गुंतलेला असतो असे विचारले, तर (वधूला या गणनेतून वगळावे लागते, कारण त्या दिवशी तिच्याशी त्याचे धड चार वाक्येही बोलणे झालेले नसते) बोट या पदहीन माणसाकडेच वळते. पदहीनता आणि प्रेम यांची ही जोडी योगायोगाने जुळलेली नसून पहिलीमुळे दुसरे उद्भवते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पदव्यवस्थेकडे बारकाईने पाहिले की मित्रावर झालेला अन्याय ठळक होतो. लाजाहोम, म्हणजे भाताच्या लाह्यांची अग्नीत आहुती देण्याचा विधी, सांगताना आश्वलायन गृह्यसूत्राने (गृह्यसूत्रे म्हणजे घरात करायच्या संस्कारांचे नियम थोडक्यात सांगणारे ग्रंथ) वधूच्या ओंजळीत लाह्या घालण्याचे काम तिच्या भावाकडे सोपवले आहे आणि भाऊ नसेल तर भावाच्या जागी असणाऱ्याने ते करावे, अशी पुरवणी तरतूदही केली आहे. म्हणजे सूत्रकाराला गैरहजर भावाच्या बदलीची काळजी होती, पण हजर मित्राची साधी चौकशी करावीशी वाटली नाही. त्याच भावाला लोकाचाराने पुढे कानपिळीचा मान दिला. या विधीत वधूचा भाऊ वराचा कान पिळतो, बहिणीला नीट नांदव असे त्यातून बजावतो, आणि या बजावणीबद्दल वरपक्षाकडून कापड, पोशाख किंवा अलीकडे मनगटी घड्याळ घेऊन जातो. ज्याचे दुखते त्यानेच दुखवणाऱ्याला पैसे मोजावेत ही व्यवस्था एरवी फक्त दंतवैद्याकडे आढळते.

मामाचे पद त्याहून वरचे. अंतरपाट, म्हणजे मुहूर्ताची घटका भरेपर्यंत वधूवरांच्या मध्ये धरायचे कुंकवाचे स्वस्तिक काढलेले वस्त्र, उलगडण्यापूर्वी मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे असा पुकारा ध्वनिवर्धकावरून होतो. मामा त्या वेळी बहुधा भटारखान्याच्या दाराशी उभे असतात, पुकारा तीनदा होतो, आणि तरीही मामांच्या प्रतिष्ठेला ओरखडा उमटत नाही. वराचा मामा वराच्या पाठीशी उभा राहतो, तो मंगलाष्टके संपेपर्यंत हलत नाही, आणि त्यानंतर त्याला आहेर होतो. करवला हे पद लहान मुलासाठी आहे: वरासारखाच पोशाख करून वराबरोबर मिरवायचे आणि मुहूर्ताच्या आधी कोणाच्या तरी मांडीवर झोपी जायचे, एवढी त्याची कर्तव्ये आहेत. वरधावा नावाचेही एक पद पूर्वी होते. वऱ्हाड वधूच्या गावाजवळ आले की हा गृहस्थ पुढे जाऊन वर आल्याची वर्दी देत असे. आता वरधाव्याचे काम वराचा मित्र मोबाइलवरून पार पाडतो, आणि गाडी खंबाटकी घाटात अडकलेली असताना "आलोच, पाच मिनिटं" असे वधूपित्याला खणखणीत आवाजात सांगतो. परंतु रिकाम्या पदाचे काम करणाऱ्याला ते पद मिळतेच असे नाही, हा सरकारी कचेऱ्यांतील नियम मंडपातही लागू आहे.

आता पदाबरोबर मान येतो आणि मानाबरोबर रुसवा येतो. मानपान ही महाराष्ट्रीय लग्नातील सर्वांत गुंतागुंतीची संस्था असून तिचा पसारा पत्रिकेतील नावांच्या क्रमापासून सुरू होतो आणि पंगतीतील जागेपर्यंत जातो. काकांना गाडीत पुढची जागा मिळाली नाही, आत्याच्या यजमानांच्या फेट्याचा तुरा इतरांपेक्षा बुटका निघाला, थोरल्या जावयाला चहा धाकट्या जावयानंतर पोचला, अशा कारणांनी सकाळी नऊच्या सुमारास जानवशात, म्हणजे वरपक्षाच्या उतरण्याच्या जागेत, तीन खोल्यांमध्ये तीन निरनिराळे रुसवे मुरत पडलेले असतात. ज्याच्या निमित्ताने हे सारे चालले आहे तो वर मुंडावळ्यांआडून ते पाहतो आणि आपण लग्न करण्यात काही घाई तर केली नाही ना, असा विचार त्याच्या मनात डोकावतो. या प्रदेशात एकच खोली अशी असते जिच्यातून हसण्याचा आवाज येतो. त्या खोलीत वराचे सात मित्र तीन गाद्यांवर लोळत असतात. त्यांचे नाव पत्रिकेत नसते, त्यांच्या वाट्याला उरलेले फेटे येतात, बसमध्ये त्यांना मागच्या चाकावरची जागा मिळते, आणि ते जेवायला बसतात तेव्हा जिलबी संपून मठ्ठा तेवढा शिल्लक राहिलेला असतो. ज्याला मान नाही त्याचा अपमान कसा करायचा हा प्रश्न आजवर कोणत्याही वधूपक्षाला सुटलेला नाही. वराला त्यांच्याविषयी जे वाटते त्याचे मूळ, निम्म्याहून अधिक, या एका सोयीत आहे: दिवसभरात त्याला ज्यांची समजूत काढावी लागत नाही असे हे एवढेच लोक असतात. (अलीकडे मित्रही रुसू लागले आहेत; लग्नाच्या छायाचित्रांत आपण कडेला कापले गेलो, एवढ्यावरून वर्षभर न बोललेले मित्र आढळतात. पण हा ऱ्हासकाळाचा प्रश्न असून त्याचा स्वतंत्र विचार व्हावा.)

मान सर्वांना आणि सोबत कोणाचीच नाही, अशा लग्नाचा कळस पाहायचा तर पेशवे सवाई माधवरावांच्या विवाहाकडे जावे लागते. हे लग्न १७८३ साली पुण्यात झाले. वराला तेव्हा नववे वर्ष चालू होते, आणि त्याच्या वतीने जो कोणी काही ठरवत होता तो नाना फडणीस होता. या लग्नाच्या बंदोबस्ताच्या याद्या पेशवाईच्या वाचकांना परिचित आहेत, आणि कोणाची व्यवस्था कोणी कशी ठेवायची याचा त्यांतील नेमकेपणा आजच्या कोणत्याही मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला खजील करील. सरदार, मानकरी, शास्त्री, कारभारी असे सारे वराभोवती आपापल्या जागी उभे. अशा दरबारी शिस्तीत, फेटा एका बाजूला कलला आहे हे खुणेने सांगू शकेल असे बरोबरीच्या वयाचे एखादे पोर जवळपास उभे असण्याची शक्यता फार कमी, आणि नानांना तशी खूण करण्याचा धीर कोणाला झाला असता असे वाटत नाही.

तथापि वराचा मित्र ही अगदी अलीकडची उपज आहे असेही मानता येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८५ वे सूक्त, जे सूर्यासूक्त म्हणून ओळखले जाते आणि ज्यातील मंत्र विवाहसंस्कारात आजही म्हटले जातात, त्यात सूर्येच्या विवाहाचे वर्णन आहे. तिची अभिलाषा धरणारा वर सोम, पण तिच्यासाठी मागणी घेऊन जाणारे दोघे अश्विनीकुमार, आणि ते ज्या रथातून जातात तो तीन चाकांचा. मित्राच्या लग्नकार्याला तीनचाकी वाहनातून जाण्याची ही परंपरा पुण्यात अखंड टिकून आहे. एवढेच की अश्विनांच्या रथाने रात्रीचे भाडे दीडपट लावल्याचा उल्लेख सूक्तात नाही. अडचण अशी की ऋग्वेदाच्या इतर सूक्तांत हीच सूर्या अश्विनांच्या रथावर स्वतः चढलेली, त्यांना वरलेली दिसते. या दोन वर्णनांचा मेळ घालण्याचे निरनिराळे मार्ग काढता येतात. पण मागणी घालायला आपल्याहून देखणा मित्र पाठवू नये, हा सरळ निष्कर्ष प्रत्येक लग्नाळू तरुण कोणत्याही भाष्याविना काढील, कारण अश्विन हे देवांचे वैद्य होते आणि रूपासाठी प्रसिद्धही होते, म्हणजे वरसंशोधनाच्या बाजारात सोमापेक्षा त्यांचे स्थळ सरसच ठरले असते. पुढे अमरकोशाने वराच्या स्नेह्यांना ‘जन्य’ अशी स्वतंत्र संज्ञा दिली. पद नाही तर नाही, निदान नाव मिळाले.

मात्र वराच्या बाजूला उभे राहणे म्हणजे काय, याचे सर्वांत चांगले उदाहरण मित्राचे नसून भावाचे आहे, आणि ते विदर्भात घडले आहे. भागवताच्या दशम स्कंधातील कथेनुसार कृष्ण रुक्मिणीला न्यायला कोणालाही न सांगता, फक्त सारथी आणि तिचा निरोप आणणारा ब्राह्मण यांना घेऊन, रातोरात कुंडिनपुराला गेला. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर हेच ते स्थान अशी परंपरा आहे. धाकटा भाऊ एकटाच गेला आणि तिथे शिशुपालाच्या बाजूने जरासंधासारखे राजे जमले आहेत हे कळल्यावर बलरामाने काही विचारले नाही, सांगितले का नाहीस म्हणून मान मागितला नाही. तो सैन्य घेऊन मागोमाग निघाला आणि हरणानंतर पाठलागावर आलेल्या राजांना त्याने थोपवून धरले. एवढ्यावर तो थांबता तर तो केवळ शूर ठरला असता. वधूचा भाऊ रुक्मी एकटाच कृष्णावर चालून गेला, हरला, आणि बहिणीने रडून विनवल्यामुळे कृष्णाने त्याला ठार न मारता बांधून ठेवले आणि त्याचे केस व मिशा अर्धवट भादरून टाकल्या. तेव्हा बलरामाने येऊन मेहुण्याच्या गाठी सोडल्या, आप्ताला असे विद्रूप करणे शोभत नाही म्हणून नवरदेवाची सर्वांदेखत कानउघाडणी केली, आणि नव्या वहिनीची समजूत काढली. म्हणजे बाहेरच्यांशी वराच्या वतीने भांडायचे आणि वर चुकला की त्यालाच झापायचे, ही दोन्ही कामे एका माणसाने एकाच दिवशी केली. एकनाथांनी १५७१ साली काशीत पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणीस्वयंवर’ या काव्यात ही कथा मराठीत सांगितली, आणि लग्न जमावे म्हणून उपवर मुलींनी त्याची पारायणे करण्याची रीत पडली. उपवर मुलांनी बलरामापुरती पारायणे करावीत असे कोणी सुचवले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. रुक्मीच्या त्या भादरलेल्या मिशांची भरपाई म्हणून पुढच्या साऱ्या मेहुण्यांना कान पिळण्याचा हक्क मिळाला, असा सिद्धांत कानपिळी सोसलेल्या एखाद्या जावयाने मांडल्यास त्याला पुरावा विचारू नये. त्याच्याकडे पुरावा नाही, पण कान आहे.

बलरामानंतर मित्रांच्या इतिहासात मोठी पोकळी दिसते आणि तिचे कारण बालविवाहात आहे. दहाबारा वर्षांच्या वराला सवंगडी असत, पण विटीदांडू खेळणाऱ्या सवंगड्याला कोणी बोहल्याजवळ फिरकू देत नसे. याचा परिणाम काय होतो हे नारायण सूर्याजीपंत ठोसर याच्या लग्नात दिसून आले. जांब गावच्या या मुलाचे लग्न त्याच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास लागत असताना, पारंपरिक कथेनुसार, ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो सावध झाला आणि मंडपातून निघून गेला; पुढे महाराष्ट्र त्याला समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. या कथेचे आध्यात्मिक विवेचन पुष्कळांनी केले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब एवढीच की मागे चार मित्र उभे असते तर हे घडणे शक्य नव्हते, कारण ज्याच्या मागे चार मित्र उभे असतात त्याला ‘सावधान’ ऐकूच जात नाही. एक जण मुंडावळीची गाठ पुन्हा बांधत असतो, दुसरा घाम टिपण्याच्या मिषाने कानात काहीतरी सांगत असतो, तिसरा पुढच्या रांगेतील कोणाविषयी माहिती विचारत असतो, आणि चौथ्याने मागून मारलेल्या अक्षता नेमक्या शेरवानीच्या गळपट्टीतून पाठीत उतरलेल्या असतात. महाराष्ट्राने आणखी किती संत अशा रीतीने गमावले असतील याचा हिशोब लागत नाही.

मित्राला मंडपात आणले ते वराच्या वाढत्या वयाने. शारदा कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९२९ च्या कायद्याने मुलाचे वय किमान १८ आणि मुलीचे १४ असावे असे ठरवले, १९७८ मध्ये या मर्यादा २१ आणि १८ वर गेल्या, आणि शिक्षण, वसतिगृह, नोकरीच्या गावची भाड्याची खोली अशा टप्प्यांतून जाणाऱ्या मुलाचे लग्न प्रत्यक्षात त्याहूनही लांबत गेले. या लांबलेल्या वर्षांत त्याने जी माणसे जमवली ती रक्ताची नव्हती, जातीची असतीलच असे नव्हते, आणि त्यांच्यापैकी एकाने तरी त्याला कावीळ झाली असताना महिनाभर खिचडी करून घातलेली होती. या माणसांना लग्नात कुठे उभे करायचे याचे उत्तर याज्ञवल्क्यापासून कोणाकडेही नव्हते. इंग्रजी रीतीच्या लग्नात हे उत्तर तयार असते. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत वराशेजारी ‘बेस्ट मॅन’ उभा राहतो आणि अंगठ्यांपासून नोंदवहीवरच्या सहीपर्यंतची कामे त्याच्याकडे असतात, म्हणजे मित्राला एक निश्चित जागा असते. मराठी मंडपात तशी जागा नसल्यामुळे मित्राने सगळ्याच जागा व्यापल्या.

ही व्याप्ती लग्नाच्या आधीच सुरू होते. शहराच्या चौकात दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स लागतो, त्यावर मध्यभागी वराचा आणि खाली ‘शुभेच्छुक’ या शीर्षकाखाली मित्रमंडळाचे गॉगल लावलेले गोल चेहरे असतात. वधूचा चेहरा असल्यास तो गॅस एजन्सीच्या जाहिरातीएवढ्या जागेत बसवलेला असतो. त्यानंतर हळद येते. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी समाजांत हळदीची रात्र हाच लग्नाचा खरा सोहळा मानला जातो आणि आता ही प्रथा घाटावरही पसरली आहे. वधूवरांना हळद लावण्याचा हा मंगल विधी सुवासिनींनी पूर्ण केला की मित्र पुढे सरसावतात, उरलेली हळद डोळे, कान आणि बनियन यांत समप्रमाणात भरतात, आणि अखेरीस वराचा सदरा फाडून त्याच्या चिंध्या करतात. आईने ‘आता हा सदरा कामाला येईल’ असे म्हणून काढून ठेवलेला जुना सदराच त्या दिवशी वराला का घातला जातो, याचा उलगडा येथे होतो. नृवंशशास्त्रात अशा प्रकाराला संक्रमणविधी म्हणतात, म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणाऱ्या माणसाची जुनी ओळख पुसणारी कृती. मित्रांना हे ठाऊक नसते, त्यांना फक्त फाडायचे असते.

वरातीत मित्राची कर्तबगारी सार्वजनिक होते. वरात, म्हणजे वराची वाजतगाजत निघणारी मिरवणूक, हे अंतर नकाशावर आठशे मीटर असले तरी मित्रांच्या उपस्थितीत त्याला अडीच तास लागतात. बँडने १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील बीन वाजवायला सुरुवात केली (ही बीन मुळात बीनवर वाजवलेलीच नव्हती; क्लेव्हिओलिन नावाच्या विद्युत्‌वाद्यातून आणि पेटीतून तो आवाज काढला होता, पण नागाला तेव्हाही फरक पडला नाही) की एरवी बँकेत वसुली अधिकारी असलेला मित्र तोंडात रुमाल धरून डांबरी रस्त्यावर आडवा होतो. २०१६ नंतर ‘सैराट’मधील ‘झिंगाट’ने या प्रकाराला आडवे होण्याची गरज राहू दिली नाही, तरी जुन्या संप्रदायाचे लोक अजून होतात. वर घोड्यावर किंवा उघड्या जीपमध्ये बसलेला असतो, त्याला उतरून नाचायची तीव्र इच्छा असते, वडील डोळे वटारून त्याला जागेवर ठेवतात; आणि रस्त्यावर लोळणाऱ्या त्या वसुली अधिकाऱ्याकडे पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो पुढे वरमाला घालताना काढलेल्या एकाही छायाचित्रात सापडत नाही. ज्येष्ठ मंडळी या नाचाला थिल्लर म्हणतात. तो थिल्लर असतोच. पण माणूस गंभीर कारणासाठी स्वतःची इस्त्री मोडतो असे फार वेळा घडत नाही, त्यामुळे त्याची किंमत पायजम्याच्या गुडघ्यावरून करावी लागते.

वरमालेच्या वेळी मित्र वराला उचलून घेतात, म्हणजे वधूचा हात त्याच्या गळ्यापर्यंत पोचू नये. लागलीच वधूचे भाऊ वधूला उचलतात, आणि जे दोन जीव एकमेकांच्या गळ्यात हार घालायला उत्सुक आहेत त्यांच्यामध्ये तिसऱ्यांच्या खांद्यांची ही शर्यत लागते. इथे मित्रप्रेमाला गुरुत्वाकर्षणाची मर्यादा पडते. महाविद्यालयात पंचावन्न किलोचा असलेला मित्र नोकरी लागल्यापासून ऐंशी किलोचा झाला आहे हे प्रथम ज्यांच्या लक्षात येते ते त्याच्या डाव्या मांडीखाली असलेले दोघे, आणि मंगल कार्यालयाच्या व्यासपीठाची फळी हे तिसरे. जोडे राखण्याची जबाबदारीही मित्रावरच येते. वराचे जोडे पळवून करवल्यांनी, म्हणजे वधूच्या बहिणी-मैत्रिणींनी, पैसे उकळायचे ही रीत १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’नंतर मराठी मंडपात जोमाने रुजली, तिच्यातील उघड गुपित असे की जोडे सहसा राखणदाराच्या संगनमताने जातात. कोणत्या करवलीने मागितले यावर संगनमताचा वेग अवलंबून असतो. वराला हे कळते, तो पाचशेची नोट काढतो, आणि मित्राच्या विश्वासघाताबद्दल त्याला राग येण्याऐवजी त्याच्या पुढील वाटचालीबद्दल कुतूहल वाटू लागते. काही वेळा याच पाचशे रुपयांतून वर्षभरात दुसरे लग्न उभे राहते.

वरमालेच्या आधी मात्र अंतरपाट धरला जातो. वराच्या प्रेमाचा अभ्यास करण्यास ही सर्वांत अनुकूल वेळ आहे. समोर वस्त्र आहे, वस्त्रापलीकडे वधू आहे पण दिसत नाही, आणि शार्दूलविक्रीडितातील, म्हणजे प्रत्येक चरणात एकोणीस अक्षरे असलेल्या वृत्तातील, मंगलाष्टके सुरू झाली आहेत. मूळची संपली की घरची सुरू होतात. वराच्या मावशीने स्वतः रचलेल्या मंगलाष्टकात साऱ्या कुटुंबाची नावे गोवायची असल्याने एका चरणात अक्षरे तेवीस होतात, ती शेवटच्या तीन शब्दांत घाईने कोंबली जातात, आणि ध्वनिवर्धक शिट्टी मारतो. जन्मभर लक्षात राहावा असा हा प्रसंग आणि त्यात वराला दिसते ते फक्त एक हळदीचे बोट लागलेले कापड. अशा वेळी मागून पाठीवर, नेमक्या खांद्याच्या फऱ्याखाली, बोटाची एक टोचणी लागते. त्या टोचणीचा अर्थ मावशीच्या तेविसाव्या अक्षराशी निगडित असतो आणि तो ज्याला कळायचा त्यालाच कळतो. वराचे खांदे हलू लागतात, लोकांना वाटते पोरगा भावुक झाला, वराची आई पदराने डोळे टिपते. शेजारी मामा ताठ उभे असतात, त्यांचा आहेर ठरलेला असतो. टोचणाऱ्याला आहेर नसतो.

एवढी सेवा करूनही विधींनी मित्राला पद दिले नाही. ते दिले कायद्याने. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार होणाऱ्या लग्नाला, ज्याला बोलीत नोंदणी लग्न म्हणतात, गुरुजी लागत नाहीत, मामा लागत नाही, मेहुणा लागत नाही, अग्नी आणि लाह्याही लागत नाहीत. लागतात तीन साक्षीदार. ते कोणाचे कोण असावेत याची कायद्याला पर्वा नाही. दोन्ही घरांचा विरोध असतो तेव्हा नातलगांपैकी कोणी येत नाही आणि या तीन जागा मित्रांनी भरायच्या असतात. विरोध पत्करून केलेल्या लग्नाचे वजन जुन्या काळात काय होते ते धोंडो केशव कर्वे यांच्या पुनर्विवाहावरून कळते. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले, त्याबद्दल मुरूड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. गोदूबाई या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहीण होत्या. म्हणजे येथे वराचा मित्र आणि वधूचा भाऊ हा एकच माणूस होता, आणि गावाचा रोष जेव्हा वरावर आला तेव्हा कान पिळायचा की पाठीशी उभे राहायचे हा प्रश्न त्याच्यापुरता उरला नव्हता. त्या पिढीने वराच्या बाजूला उभे राहण्याची किंमत बहिष्काराने मोजली. आजचा साक्षीदार अर्ध्या दिवसाची रजा आणि आधार कार्डाची छायाप्रत एवढ्यावर सुटतो, आणि तरीही पहिल्याचा वारसा त्याच्याकडेच येतो.

या कायद्याप्रमाणे लग्नाच्या आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तिची प्रत विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत सहज दिसेल अशा जागी लावली जाते. या तीस दिवसांत मित्राचे पद खऱ्या अर्थाने कसाला लागते. त्याच इमारतीत सातबाराच्या कामासाठी वराच्या काकांची फेरी होण्याचा संभव असल्यास एक मित्र फलकापुढे उभा राहून जुन्या निविदा वाचत असतो, आणि काका आलेच तर त्यांना कँटीनमध्ये चहाला नेतो. सर्वांत कमी चहा पिणारा मित्र महिनाअखेरीस दिवसाला सहा कप पिऊ लागल्याचे दिसते. ठरल्या दिवशी तिघे इस्त्रीच्या सदऱ्यात हजर होतात. अधिकाऱ्यासमोर आणि या तिघांसमोर वधूवर एकमेकांचा स्वीकार करतात, दाखल्यावर दोघांच्या खाली तिघांच्या सह्या होतात, आणि शंभर वरातींत न मिळालेले स्थान मित्राला एका निळ्या पेनाने मिळते. अक्षता नसतात म्हणून कोणीतरी खिशातून पेढ्याचा पुडा काढतो. शिपाई दोन पेढे घेतो आणि पुढच्या जोडप्याला हाक मारतो.

या साक्षीची मुदत किती, याबाबत कायदा मौन बाळगतो. व्यवहारात ती तहहयात समजली जाते. लग्नानंतर तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी, सुट्टीत माहेरी जायचे की देवगडला, अशा स्वरूपाचा वाद उद्भवला की वर अभावितपणे साक्षीदाराला रात्री साडेदहा वाजता फोन लावतो, मी पहिल्यापासून असाच होतो की नाही ते तूच सांग म्हणून त्याला घरी बोलावतो, आणि साक्षीदार येतो, चप्पल दाराशी काढतो, दोन्ही बाजू ऐकून घेतो. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आमटी गरम करून आणते, दोन पोळ्यांवर तूप घालते आणि जेवूनच जायचे असे सांगते. साक्ष वहिनीच्या बाजूने होते.